ओपन सोर्समध्ये आपली जागा : विदर्भातल्या गावांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पाठवणारे बहुतेक जण तालुक्याच्या गावात किंवा त्याहूनही आत राहतात. कुणी बीसीएला आहे, कुणी सेतू केंद्रात बसतं, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, आणि काही जण दिवसभर वावरात आणि रात्री लॅपटॉपवर असतात. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला आकडा दिला आहे.

१. ओपन सोर्स म्हणजे नेमकं काय? जे फुकट मिळतं ते सगळं ओपन सोर्स का?

नाही. व्हॉट्सॲपला आपण पैसे देत नाही, पण त्या ॲपचा कोड कंपनीपाशीच असतो. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिब्रेऑफिस, लिनक्स यांचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला पुढे वाटताही येतो. ही परवानगी लायसन्समध्ये लिहून दिलेली असते. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीची सुरुवात १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने केली. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, चालतो. त्यामुळे 'मी कधी ओपन सोर्स वापरलंच नाही' असं म्हणणारा माणूस यवतमाळच्या बसस्टँडवरही सापडायचा नाही. कोड उघडा आहे पण लायसन्सच नाही, अशा भानगडीसाठी प्रश्न १८ पाहा.

२. कम्युनिटी म्हणजे कोण लोक? त्यांचं ऑफिस कुठे असतं, भरती केव्हा निघते?

भरती निघत नाही. वापरणारे, चुका कळवणारे, बदल पाठवणारे, ते तपासणारे आणि घ्यायचं की नाही हे शेवटी ठरवणारे मेंटेनर, अशी माणसं असतात. एकाच दिवशी एकच माणूस यातल्या तीन भूमिकांत असू शकतो. मोठ्या प्रकल्पांमागे फाउंडेशन किंवा कंपन्या असतात. लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्यांत पगारी इंजिनीअर भरपूर आहेत. पण जगाचा गाडा ज्यावर चालतो अशी कितीतरी छोटी सॉफ्टवेअरं एक-दोन माणसं आपली नोकरी सांभाळून चालवतात.

एक्सझेड हे त्यातलंच एक, फाइल दाबून लहान करण्याचं साधन. एकच मेंटेनर ते वर्षानुवर्षं सांभाळत होता आणि थकला होता. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं नीट काम करून विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि मग आत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला आपल्या मशीनवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून मार्च २०२४ मध्ये ते उघडकीला आलं. तेव्हापासून नवख्याच्या हाती चाव्या द्यायला लोक जास्तच बिचकतात. तुम्हाला सुरुवातीला कुणी फारसा भाव देत नसेल, तर त्यामागे हेही कारण असू शकतं. तुमच्या गावाशी किंवा इंग्रजीशी त्याचा संबंध नसतो.

३. सर, मले कोडिंग नाही येत. मंग माह्यासाठी यात काही काम हाय का?

आहे, आणि ते हलकं काम नाही. चुका नीट कळवणं, भाषांतर (प्रश्न ५), नकाशे (प्रश्न ४), मदतपुस्तिका सुधारणं, नवी आवृत्ती जुन्या फोनवर चालवून पाहणं, इतरांच्या शंकांना उत्तरं देणं, यातलं काहीही घ्या. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो आणि दुसऱ्यांचे आवाज तपासता येतात. तिथे वऱ्हाडी आणि झाडीपट्टीचा हेल जितका जाईल तितकं बरं. नाहीतर उद्या यंत्राला फक्त सदाशिव पेठ समजेल.

पण माझं मत विचाराल तर सुरुवात चूक कळवण्यापासून करा. एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. शेतीच्या एका ॲपमध्ये 'शेतकऱ्यांना' हा शब्द 'शेतकर्यांना' असा दिसतो. 'य'च्या आधीचा तो आडवा र नाहीसा होऊन 'य'च्या डोक्यावर रफार चढलेला असतो. बर्लिनमधल्या प्रोग्रामरला यात काही बिघडलंय हेच दिसत नाही, तुम्हाला मात्र पहिल्या नजरेत दिसतं. आता 'मराठी बरोबर दिसत नाही' एवढंच लिहून पाठवलं तर ती तक्रार तशीच पडून राहील. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आणि ॲपची आवृत्ती, कोणत्या पानावर दिसलं, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं ते लिहा. सोबत दोन्हींची चित्रं जोडा.

इथवर कोडिंगचा संबंध आला नाही. पुढे खणायचं असेल तर कारणही सापडतं. युनिकोडमध्ये हा आडवा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. मजकूर 'साफ' करणाऱ्या एखाद्या कोडने ती न दिसणारी चिन्हं झाडून टाकली की दुसऱ्या प्रकारातला र लगेच रफार होतो. एवढं तक्रारीत लिहिलंत तर दुरुस्ती कधीकधी एका ओळीची असते, आणि ती शोधून देणारे तुम्ही असता. मराठी वळणाचे ल आणि श यांचंही असंच आहे. चांगल्या फॉन्टमध्ये ते असतात, पण 'हा मजकूर मराठी आहे' असं ॲपने सांगितलं नाही तर हिंदी वळणाचे उमटतात.

४. आमच्या गावचे पांदण रस्ते नकाशात टाकले, तर ते ओपन सोर्सचंच काम का?

हो. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून चालू आहे. त्यातली माहिती मोकळ्या लायसन्सखाली असते आणि ती भरण्याची, दाखवण्याची साधनंही ओपन सोर्स आहेत. विदर्भातल्या गावांसाठी यापेक्षा सोपं दार मला माहीत नाही. उपग्रहाच्या चित्रात बाभळींखालून जाणारी पांदण दिसत नाही, आणि दिसली तरी ती पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडीलाही बंद होते हे चित्र सांगत नाही. ते तुम्हाला माहीत असतं. शेतरस्त्यासाठी 'ट्रॅक' असा प्रकार आहे, तो किती पक्का याच्या पाच पायऱ्या आहेत, आणि वरची माती-मुरूम कोणता हेही नोंदवता येतं. मराठी नावासाठी वेगळी जागा असते. तिथे खुर्द की बुद्रुक हे जरूर लिहा, नाहीतर रुग्णवाहिका भलत्याच गावाला जाते.

अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप चालतं. घरी नेट असताना परिसर उतरवून घ्या, फिरता फिरता प्रश्नांची उत्तरं द्या, रेंजमध्ये आल्यावर ती चढवा.

एक नियम मोडायचा नाही. गूगल मॅपवरून नावं किंवा रस्ते उतरवून घ्यायचे नाहीत, ती माहिती त्यांच्या मालकीची आहे. स्वतः पाहिलेलं, किंवा ओपनस्ट्रीटमॅपला परवानगी असलेल्या उपग्रहचित्रांवरून काढलेलंच चालतं. गुपचूप केलेली नक्कल सापडली तर तुमच्या बाकीच्या नोंदीही संशयात येतात.

५. भाषांतर करायचं आहे. मराठी तर येतेच, मग लगेच सुरू करू का?

आधी त्या प्रकल्पात मराठीचा गट आहे का ते पाहा आणि तिथे नमस्कार घाला. फायरफॉक्सचं भाषांतर पाँटून या साधनावर चालतं, लिब्रेऑफिसचं वेबलेटवर, विकिपीडियामागच्या मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर. तिन्हींना ब्राउझर पुरतो, काहीही बसवावं लागत नाही.

मराठी येणं पुरेसं नसतं, कारण वाक्यं तुटक येतात. 'टक्का-एस' किंवा 'टक्का-डी' अशा खुणांच्या जागी नंतर नाव किंवा आकडा बसतो, त्या पुसल्या तर ॲप कोसळू शकतं. मराठीत शब्दक्रम बदलला की दोन खुणांची अदलाबदल होते, तिथे क्रमांक घातलेल्या खुणा वापराव्या लागतात. 'एक फाइल निवडली' आणि 'पाच फाइली निवडल्या' यांचे दोन वेगळे रकाने असतात, दोन्ही भरा. बटणावर मावेल इतकंच लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधीच्या लोकांनी एखादी संज्ञा ठरवली असेल तर ती आवडली नाही तरी तीच ठेवा, बदलायची असेल तर आधी गटात विषय काढा. एका मेनूत तीन प्रकारची मराठी दिसली की वापरणारा वैतागून इंग्रजीवर जातो. यंत्राने केलेलं भाषांतर न वाचता ओतू नका, त्याबद्दल प्रश्न १७.

६. कोणता प्रकल्प निवडू? नवशिक्यांसाठी चांगल्या दहा प्रकल्पांची यादी द्या.

यादी देत नाही. अशा यादीतल्या प्रकल्पांवर आधीच शेकडो जण तुटून पडलेले असतात. तुम्ही रोज काय वापरता ते आठवा : शाळेत ऑफलाइन विकिपीडिया दाखवणारं किविक्स, दुकानातलं हिशेबाचं ईआरपीनेक्स्ट, मोबाइलवरचा कीबोर्ड. ज्यात तुम्हाला स्वतःला काही खुपतं तिथेच थांबा. मग तीन गोष्टी बघा. शेवटचा बदल कधीचा आहे, बाहेरच्या माणसाने पाठवलेल्या बदलाला उत्तर मिळतं का, आणि योगदान कसं द्यायचं हे सांगणारी फाइल आहे का. तिन्ही नसतील तर दुसरा शोधा.

७. लॅपटॉप जुना, रॅम चार जीबी, नेट मोबाइलचं रोजचं दीड जीबी, लाईटचा भरवसा नाही. जमेल का?

जमेल, पण प्रकल्प आणि पद्धत त्या हिशेबाने निवडावी लागेल.

गिट म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन, आणि क्लोन म्हणजे त्यातून सगळा प्रकल्प आपल्या मशीनवर उतरवणं. गिटची अडचण अशी की क्लोन अर्ध्यात तुटला तर पहिल्यापासून उतरवावा लागतो. नव्वद टक्क्यांवर लाईट गेली की नेट गेलं, आणि त्या दिवसाचा डेटाही गेला. म्हणून पूर्ण इतिहास मागू नका. 'डेप्थ १' असा पर्याय देऊन फक्त ताजी अवस्था घ्या, ती बरीच लहान असते. इतिहास लागलाच तर नंतर थोडा थोडा खोल उतरवता येतो. दुसरा मार्ग म्हणजे गिट बंडल. अमरावतीला किंवा नागपुरात चांगलं नेट असलेल्या मित्राने सगळा प्रकल्प एका फाइलमध्ये बांधून पेनड्राइव्हवर दिला की त्यातून क्लोन होतो, आणि पुढचे बदल तेवढे मोबाइलवर येतात. एसटीने येणारा पेनड्राइव्ह अजूनही आपल्याकडच्या बऱ्याच टॉवरपेक्षा जलद आहे.

फायरफॉक्ससारखा अवाढव्य प्रकल्प जुन्या मशीनवर पूर्ण बांधायला जाऊ नका, रात्र जाईल. तिथे 'आर्टिफॅक्ट बिल्ड' नावाची सोय आहे. जड भाग आधीच तयार केलेला मिळतो आणि तुम्ही फक्त दिसणाऱ्या भागात, म्हणजे जावास्क्रिप्ट आणि सीएसएसमध्ये बदल करता. मदतपुस्तिकेतली दुरुस्ती तर गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या पानावर फोनवरूनही होते. लॅपटॉप नाहीच, फक्त अँड्रॉइड फोन आहे, असं असेल तर टर्मक्स या ॲपमध्ये गिट आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा दोन्ही चालतात. बोटं दुखतात एवढंच.

आणि हेही लक्षात घ्या, हळू नेट आणि जुनं यंत्र असणारा वापरणारा बहुतेक प्रकल्पांत कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो. 'तुमचं पान माझ्या नेटवर उघडायला इतके सेकंद लागतात' असं मोजून कळवलं तर त्याची किंमत आहे.

८. गिटहबवर लॉगिनचा ओटीपी येतच नाही. काय करू?

बहुधा रेंजचा प्रश्न असेल. कोड पाठवणाऱ्यांना गिटहबने २०२३ पासून दुहेरी पडताळणी सक्तीची केली. एसएमएसच्या नादी न लागता ऑथेंटिकेटर ॲप जोडा. ते फोनच्या घड्याळावरून आकडा काढतं, त्याला नेट लागत नाही. फोनची वेळ मात्र बरोबर हवी. रिकव्हरी कोड मिळतात ते वहीत लिहून ठेवा, त्याच फोनमध्ये नको. फोन विहिरीत पडल्याचे निरोप आले आहेत.

९. इंग्रजी कच्चं आहे. 'रिस्पेक्टेड सर' लिहून सुरुवात केली तर चालेल ना?

चालेल, कुणी रागावणार नाही, पण गरज नाही. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. सत्तर वर्षांच्या प्राध्यापकालाही. आपल्याला ते उद्धट वाटतं, त्यांना 'सर' अवघडल्यासारखं वाटतं, आणि समोरची व्यक्ती बाई असली तर आणखीच पंचाईत.

इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं, मजकूर पसरट नको. लहान वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. मी हे केलं, हे झालं, हे व्हायला हवं होतं. प्रकल्पात काम करणाऱ्या बऱ्याच लोकांची मातृभाषा इंग्रजी नसते, त्यांनाही असंच सोपं लागतं. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन यांवरचे छोटे धडे मराठी आवाजात आहेत. त्यातले शब्द इंग्रजीच राहतात, त्यामुळे कानाला सवय होते.

१०. 'प्लीज असाइन मी धिस इश्यू' असं पाच ठिकाणी लिहिलं. कुणी काम देत नाही.

देणारही नाहीत. मेंटेनरला दिवसाला अशा मागण्या कितीतरी येतात, आणि काम मागून घेतलेले बहुतेक जण परत दिसत नाहीत. मागायच्या आधी काहीतरी करून दाखवा. चूक तुमच्या मशीनवर घडते का ते तपासा आणि 'माझ्याकडे घडली, या फाइलमध्ये या फंक्शनपाशी गडबड वाटते, असा बदल करून पाहू का?' एवढं लिहा. अनेक प्रकल्पांत तर काम वाटून देण्याची पद्धतच नाही. जो चांगला बदल आधी पाठवेल त्याचा घेतात.

हजेरी लावण्यासाठी प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एक स्पेस वाढवून पाठवू नका. डिजिटलओशन कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट या बदल पाठवायच्या स्पर्धेत २०२० साली टी-शर्टसाठी असल्या फालतू बदलांचा इतका पूर आला की प्रकल्पाने आधी संमती दिली तरच त्याचे बदल मोजायचे, असा नियम स्पर्धा चालू असतानाच करावा लागला. त्या गर्दीत आपल्या देशातली पोरं भरपूर होती, आणि त्याची झळ आता प्रामाणिक नवख्यांना लागते.

११. माझा बदल नाकारला, तेही एका शब्दात. काही चुकलं का माझं? ते चिडलेत का?

बहुधा नाही. लेखी भाषेत सूर ऐकू येत नाही. 'निट' असं लिहून शेरा आला तर त्याचा अर्थ बारीकशी सूचना, जमली तर करा. 'एलजीटीएम' म्हणजे मला ठीक वाटतं. नुसतं 'का?' आलं तर ते खरोखर कारण विचारत असतात, तुमची लायकी काढत नसतात. आपल्याकडे मोठ्या माणसाने 'का?' विचारलं की पोरगं गप्प होतं. इथे गप्प बसलात तर बदल बंद होतो. कारण लिहा, चुकलं असेल तर 'बरोबर आहे, बदलतो' म्हणा आणि बदल पाठवताना उघडलेल्या त्याच विनंतीत (पुल रिक्वेस्टमध्ये) सुधारणा चढवा. रुसून नवी विनंती उघडू नका. वीस शेऱ्यांनंतर स्वीकारला गेलेला बदल ही नेहमीची गोष्ट आहे. उलट वीस शेरे लिहायला कुणीतरी आपली संध्याकाळ घालवली, म्हणजे तुमचं काम त्यांना हवं आहे.

खरोखर अपमान झाला असेल तर प्रश्न १६ चा शेवट वाचा.

१२. दोन आठवडे झाले, कुणी साधं बघितलंही नाही.

एकदा नम्रपणे आठवण करा, मग आणखी काही आठवडे थांबा. रोज '?' टाकू नका. सोंगणीच्या दिवसांत तुम्ही तरी कुठे निरोपांना उत्तर देता? महिना-दीड महिन्यातही हालचाल नसेल तर प्रश्न ६ मधली तपासणी पुन्हा करा.

१३. त्यांची ऑनलाइन बैठक आपल्याकडे रात्री साडेदहाला असते. आणि वेळ मधूनच बदलते, असं का?

युरोप-अमेरिकेत घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे करतात, आपण करत नाही. बर्लिनचे संध्याकाळचे सहा म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपले साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. युरोपातल्या बैठकीची वेळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी तपासून घ्या. बैठकीला गेलंच पाहिजे असं नाही. चांगले प्रकल्प टिपणं लिहून ठेवतात, त्यावर दुसऱ्या दिवशी लेखी मत दिलं तरी चालतं.

१४. निर्णय कोण घेतं? मतदान होतं का, की जो मोठा त्याचंच खरं?

प्रकल्पागणिक वेगळं. लिनक्स कर्नलमध्ये शेवटचा शब्द टोरवाल्ड्सचा. पायथनमध्ये ती भाषा बनवणारे ग्विडो व्हॅन रॉसम २०१८ ला बाजूला झाले आणि २०१९ पासून पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ आहे. डेबियनमध्ये दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते. पण रोजचे निर्णय मतदानाने क्वचितच होतात. कुणीतरी प्रस्ताव मांडतं, हरकती येतात, त्यांची उत्तरं दिली जातात, ठोस हरकत उरली नाही की काम पुढे सरकतं.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) ज्यांनी पाहिलं किंवा वाचलं आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीने चालते, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय चावून चावून बोललेला असतो. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले त्यामागे ती बैठकीची सवय होती. नवखा म्हणून ओपन सोर्समध्ये तुम्हालाही हरकत घेता येते, पण 'मला पटत नाही' एवढं पुरत नाही. कुठे अडेल आणि त्याऐवजी काय, हे सांगावं लागतं. फरक एवढाच की इथे पटलंच नाही तर कोड घेऊन वेगळं व्हायची मोकळीक असते. लिब्रेऑफिस २०१० साली ओपनऑफिसपासून असंच वेगळं झालं.

१५. पैसे मिळतात का? घरचे म्हणतात, फुकटात राबण्यापेक्षा स्पर्धा परीक्षा दे.

घरच्यांचं सगळंच चूक नाही. बहुतेकांना थेट पैसे मिळत नाहीत, आणि 'सहा महिन्यांत डॉलरमध्ये कमाई' असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. घर तुमच्या कमाईवर चालत असेल तर याला आठवड्याचे थोडे तास द्या, नोकरी किंवा अभ्यास सोडून यात पडू नका.

मिळतात तिथे असे मिळतात. नवख्यांना मानधन देऊन ओपन सोर्स प्रकल्पांत काम करू देणारा गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून आहे. १८ वर्षं पूर्ण हवीत, आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही घेतात. मानधन देश आणि प्रकल्पाच्या आकारावर ठरतं. आउटरीची ही तंत्रक्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो त्यांच्यासाठीची इंटर्नशिप आहे, मानधन ७,००० डॉलर. तिच्या अर्जात तुमची परिस्थिती लिहायची असते. संकोच सोडून खरं ते लिहा, जात, गाव, भाषा, सगळं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाकडूनही विद्यार्थ्यांना फेलोशिप आणि छोटी मानधनाची कामं मिळतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे : अर्जाच्या आधी केलेलं काम पाहतात. त्यामुळे अर्जाच्या महिन्यात जागे होणारे मागे पडतात.

नोकरीच्या मुलाखतीत सार्वजनिक काम दाखवता येतं, हा फायदा खरा आहे. कॉलेजचं नाव कुणाला माहीत नसलं तरी कोड वाचता येतो.

'ओपन सोर्स इंटर्नशिप' म्हणून नोंदणी फी किंवा प्रमाणपत्राचे पैसे मागणारा भेटला तर तो फसवतोय असं समजा. खरा प्रकल्प तुमच्याकडून पैसे घेत नाही.

१६. मी मुलगी आहे. खरं नाव आणि फोटो टाकलाच पाहिजे का?

फोटो कुठेच सक्तीचा नाही. नावाचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी टोपणनाव चालतं, फक्त ते एकच ठेवा, म्हणजे काम त्या नावावर जमा होतं. काही प्रकल्पांत 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी सही लागते. हा बदल पाठवायचा मला अधिकार आहे, याची ती हमी. लिनक्स कर्नलमध्ये पूर्वी तिथे खरं नावच लागायचं, २०२३ पासून ओळखीचं, कायम वापरातलं नाव पुरतं. पूर्ण निनावी चालत नाही.

जास्त धोका ई-मेलचा. गिट प्रत्येक बदलासोबत तुमचा पत्ता कायमचा नोंदवतं आणि तो जगाला दिसतो. गिटहबच्या सेटिंगमध्ये तो लपवून पर्यायी पत्ता घेता येतो. हे पहिल्या बदलाआधी करा, नंतर इतिहासातून काढणं महाकठीण. कॉमन व्हॉइसला आवाज देतानाही तो सार्वजनिक संचात जातो हे लक्षात असू द्या.

कुणी खासगीत नको ते बोललं, गावावरून, जातीवरून, बाई असण्यावरून हिणवलं, तर उत्तर देत बसू नका. स्क्रीनशॉट घ्या आणि प्रकल्पाच्या आचारसंहितेच्या फाइलमध्ये दिलेल्या पत्त्यावर पाठवा. अशी फाइलच नसलेल्या प्रकल्पात नवख्या मुलीने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१७. एआयकडून कोड लिहून घेतला आणि पाठवला, तर कळतं का? चालतं का?

बऱ्याचदा कळतं. चालतं का, ते प्रकल्पाच्या नियमांत पाहा. जेंटू आणि नेटबीएसडी या प्रकल्पांनी २०२४ मध्येच यंत्राने लिहिलेला कोड नको असं जाहीर केलं, काही ठिकाणी सांगून वापरला तर हरकत नाही. नियम काहीही असो, तपासणाऱ्याने 'ही ओळ का?' विचारल्यावर तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. ते उत्तरही यंत्राकडून आणून चिकटवलं की विश्वास गेला. इंग्रजी वाक्य सुधारून घ्यायला वापरलं तर सहसा कुणी काही म्हणत नाही.

१८. दुसऱ्यांच्या दारात उभं राहण्यापेक्षा स्वतःचाच प्रकल्प सुरू करू का?

बाजारभाव दाखवणारं आणखी एक ॲप असेल तर नको. अशी ॲपं मोजावी तितकी थोडी, आणि वर्षभरात बंद पडतात. आधी दुसऱ्याच्या प्रकल्पात वर्षभर काढा, प्रकल्प चालवणं म्हणजे काय ते दिसेल. पण खरंच कुठे नसलेली गोष्ट असेल, समजा कोरकू किंवा कोलामीसाठी कीबोर्ड किंवा शब्दसूची, तर जरूर करा, ती भाषा बोलणाऱ्यांना सोबत घेऊन.

पहिल्याच दिवशी लायसन्सची फाइल टाका. कोड नुसता सगळ्यांना दिसेल असा ठेवला म्हणजे ओपन सोर्स झाला असं नाही. लायसन्स नसेल तर कायद्याने सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात आणि दुसऱ्याला तो वापरता येत नाही. हेच उलटही : लायसन्स नसलेला दुसऱ्याचा कोड उचलू नका.

१९. मी नागपूरला कंपनीत नोकरी करतो. रात्री घरून ओपन सोर्ससाठी लिहिलेला कोड कुणाचा?

आधी करारपत्र काढून वाचा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक मालकपक्ष असतो, वेगळा करार नसेल तर. घरी, स्वतःच्या मशीनवर, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं लिहिलं तर सहसा अडचण नसते, पण काही करारांत 'नोकरीत असताना केलेलं सगळं आमचं' असंही कलम घातलेलं असतं. तसं असेल तर लेखी परवानगी मागा. तोंडी 'कर रे, काही नाही होत' याला अर्थ नाही.

२०. आपली जागा झाली, हे कसं कळतं?

पत्र येत नाही. दिसणाऱ्या खुणा अशा : तुमच्या विषयाची चूक आली की कुणीतरी तुमचं नाव जोडून विचारतं, 'हे मराठीत बरोबर दिसतंय का?' तुमच्या बदलांवरचे शेरे कमी होतात. नवख्याच्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देता आणि मेंटेनर त्यात भर घालत नाही. काही काळाने तपासणीचे अधिकार देऊ का, अशी विचारणा होते. याला किती दिवस लागतात असं विचाराल तर आकडा नाही. पण पंधरा दिवस रात्रंदिवस काम करून गायब होणाऱ्यापेक्षा दर रविवारी तासभर येणारा लवकर पोचतो, हे मात्र मी सतत पाहत आलोय. एखाद्या प्रकल्पात वर्षभर येऊनही परकंच वाटत असेल तर सोडा आणि दुसरीकडे जा. काही ठिकाणचं वातावरणच कोंदट असतं.

२१. लग्न ठरलंय, किंवा पोलिसभरतीत निवड झालीय. आता वेळ देता येणार नाही. मध्येच सोडलं तर वाईट दिसेल का?

न सांगता सोडलं तर दिसेल. दोन ओळी लिहा : मी अमुक तारखेपासून थांबतो आहे, माझ्याकडची ही कामं अर्धवट आहेत, ती अमुक ठिकाणी ठेवली आहेत. कारण सांगायची सक्ती नाही. तुमच्या नावावर घेतलेली कामं मोकळी करा, म्हणजे दुसऱ्याला हात घालता येईल. फक्त तुमच्या डोक्यात असलेल्या गोष्टी, जसं मराठी भाषांतरात अमुक ठिकाणी तसं का केलं, त्या फाइलमध्ये उतरवून ठेवा. तुमच्याकडे अधिकार असतील तर ते परत करा. एक्सझेडच्या प्रकरणानंतर (प्रश्न २) न वापरली जाणारी खाती कुणालाच नको असतात. सर्व्हर किंवा डोमेन तुमच्या ताब्यात असेल तर पासवर्ड व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होऊ नका. नव्या माणसाचं स्वतःचं खातं जोडा, त्याला एकदा आत येऊन दाखवायला सांगा आणि मगच तुमचं काढा.